विहीर, तलाव आणि वयाचा दाखला

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असे चिटणीसबाई सांगावयास आल्या तेव्हा मी कैऱ्या चिरीत बसले होते. दर खेपेला मजकडून लोणच्याची कृती घेतली जाते, म्हणून मी मोहरीच्या डाळीचे प्रमाण सांगू लागले. पण बाई म्हणाल्या, "लोणचे पुरे झाले. या खेपेला पोहण्याविषयी लिहा. म्हातारपणी स्पर्धेत उतरण्याचे हे वेड निघाले तरी कोठून, ते आम्हांलाही कळू द्या."

वेड हा शब्द त्यांचा. मी तो मान्य करते. परंतु शाळेत पुष्कळ वर्षे इतिहास शिकविल्यामुळे कोणतीही गोष्ट मुळापासून सांगण्याची खोड मला लागली आहे. त्यामुळे हा लेख थोडा माझा आणि थोडा इतिहासाचा होणार आहे. वाचक भगिनींनी सांभाळून घ्यावे.

मराठी माणसाला पोहणे म्हटले की दोन गोष्टी हटकून आठवतात. एक, 8 जुलै 1910 रोजी मार्सेल्सच्या बंदरात सावरकरांनी बोटीतून समुद्रात घेतलेली उडी. दुसरी, ज्यांचे नाव आपल्या वसाहतीने धारण केले आहे त्या तुकोबांची गाथा. ती इंद्रायणीच्या डोहात बुडविली आणि तेरा दिवसांनी कोरडी वर आली, असे परंपरा सांगते. पहिल्या गोष्टीत पोहणारा पुरुष आहे आणि दुसरीत वह्या आहेत. बाई दोन्हींत नाही.

वास्तविक पाण्याशी बाईचा संबंध पुरुषाहून अधिक. पाणी शेंदावे तिने, धुणी न्यावीत तिने, दुष्काळात डोक्यावर हंडा घेऊन कोसभर चालावे तिने. पण पाण्यात उतरणे हा तिचा अधिकार नव्हता. आमच्या बोलीत "अमकीने विहीर जवळ केली" असे कोणी म्हटले तर ऐकणारा पुढे काही विचारीत नाही. ती पोहावयास गेली असेल असे कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

माझे माहेर चाकणच्या पुढे, भामा नदीच्या अंगाला. आमच्या मळ्यात मोटेची विहीर होती. धावेवर बैल मागेपुढे होत आणि थारोळ्यात पाणी कोसळे. त्या आवाजावर आमचा दिवस चाले. आजोबांनी घरातल्या सगळ्या पोरांना त्याच विहिरीत पोहावयास शिकविले. पांगाऱ्याचे लाकूड वाळले म्हणजे फार हलके होते. त्याचा बिंडा पाठीला बांधून ते पोराला सरळ पाण्यात सोडून देत. चार दिवसांनी बिंडा लहान होई आणि आठ दिवसांनी नाहीसा होई. मी नातवंडांत मुलगी म्हणून त्यांनी वेगळा नियम केला नाही. मुटका कसा मारावा, सूर मारताना हनुवटी छातीला कशी लावावी, हे मला त्यांनीच शिकविले. काठावरच्या निंबावरून मारलेल्या माझ्या मुटक्याने धावेवरच्या बैलांच्या अंगावर पाणी उडे, असे भाऊ अजून सांगतो. त्यात अतिशयोक्ती असावी.

बाराव्या वर्षी ते बंद झाले. कोणी रागावले नाही की मारले नाही. एके दिवशी आई एवढेच म्हणाली, "आता पुरे. मोठी झालीस." आजोबा ओसरीवर बसले होते, तेही काही बोलले नाहीत. त्यानंतर विहिरीवर जाणे चालूच राहिले, फक्त हातात हंडा आला.

पुढली गोष्ट लिहावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. 1967 चा उन्हाळा होता. पाणी खोल गेले होते. माझी धाकटी चुलती शेंदताना पाय घसरून विहिरीत पडली. पुरुषमाणसे दूर पल्याडच्या शिवारात होती. काठावर आम्ही सात-आठ बायका होतो आणि त्यांत पोहता येणारी मी एकटी. आईने माझे मनगट धरले ते सोडले नाही. मी ओढ घेतली की नुसती उभी राहिले, हे मला आजही नक्की आठवत नाही. पुरुष धावत आले तोवर उशीर झाला होता.

पुष्कळ वर्षांनी तलावावरच्या जीवरक्षकाला मी हे सांगितले. तो म्हणाला, "तुमच्या आईने बरोबर केले. बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याच्या गळ्याला मिठी मारतो. चौदा वर्षांच्या मुलीला ते झेपले नसते. काठावरून दोर टाकायचा, लुगडे टाकायचे, आपण उतरायचे नाही." मी ते ऐकून घेतले. तेव्हा काठावर आठ लुगडी होती आणि शेंदण्याचा दोरही होता. पण ते टाकावयाचे असते, हे आठजणींपैकी एकीलाही ठाऊक नव्हते. पोहावयास न शिकविणे म्हणजे केवळ हातपाय मारण्यास न शिकविणे नव्हे, एवढे मला त्या दिवशी उमगले.

आता जगाकडे वळू. आपल्याकडेच बायकांना पाण्यापासून दूर ठेवले असे मात्र कोणी समजू नये. अर्वाचीन ऑलिंपिक सामने 1896 साली अथेन्स येथे सुरू झाले, त्यांत एकही स्त्री नव्हती. हे सामने ज्यांनी पुन्हा उभे केले त्या कुबर्तँसाहेबांना स्त्रियांनी त्यांत भाग घेणे पसंतच नव्हते. पोहण्यात स्त्रियांना प्रवेश मिळाला तो 1912 साली, स्टॉकहोम येथे. ऑस्ट्रेलियाच्या फॅनी ड्युरॅक हिने त्या वर्षी शंभर मीटरची शर्यत जिंकली. आपल्या देशाच्या मुली ऑलिंपिकच्या तलावात उतरल्या त्या त्यानंतर चाळीस वर्षांनी, म्हणजे 1952 साली हेलसिंकी येथे. मुंबईची डॉली नाझीर आणि बंगालची आरती साहा या त्या दोघी. आरतीचे वय तेव्हा पुरते बारासुद्धा नव्हते. म्हणजे ज्या वयात माझे पोहणे थांबले, त्याच वयात तिचे जगापुढे सुरू झाले. हीच आरती 29 सप्टेंबर 1959 रोजी इंग्लिश खाडी पोहून गेली. ऑगस्टातला तिचा पहिला प्रयत्न फसला होता. दुसऱ्या खेपेला ती सोळा तास वीस मिनिटे पाण्यात होती आणि खाडी ओलांडणारी ती पहिली आशियाई स्त्री ठरली. दुसऱ्या वर्षी तिला पद्मश्री मिळाली. वर्गात हा धडा सांगताना मी त्या फसलेल्या प्रयत्नावर जरा जास्त वेळ थांबत असे. मुलांना जिंकल्याची तारीख पाठ असते, आधीची नसते.

ऑलिंपिकमधली आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पुरुषांसाठी पंधराशे मीटरची शर्यत 1908 पासून आहे. स्त्रियांना मात्र ती 2021 साली टोकियोच्या सामन्यांत प्रथम पोहावयास मिळाली. त्याआधी त्यांची मजल आठशे मीटरपर्यंतच, आणि तीदेखील 1968 पासून. एवढे लांब अंतर बायकांना झेपणार नाही, या समजुतीला शंभर वर्षांहून अधिक आयुष्य लाभले. आता याच्या शेजारी दुसरी हकीकत ठेवून पाहा. जपानात मिएको नागाओका नावाच्या आजीबाई होत्या, जन्म 1914 चा. ऐंशी ओलांडल्यावर गुडघ्याच्या दुखण्यासाठी त्या पाण्यात उतरल्या. 2015 च्या एप्रिलमध्ये मात्सुयामा शहरी, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्या पंधराशे मीटर पोहल्या. एक तास पंधरा मिनिटे आणि वर चोपन्न सेकंद लागले. सगळे अंतर त्यांनी उताण्या पोहून काटले. त्यांच्या वयोगटात दुसरे कोणी नव्हतेच. जी शर्यत विशीतल्या पोरींना ऑलिंपिकमध्ये अजून मोकळी झाली नव्हती, ती या आजीबाई सहा वर्षे आधी पुरी करून बसल्या होत्या. 2021 साली त्यांचे निधन झाले.

नागाओकाबाईंना शर्यत मिळाली याचे कारण वेगळेच आहे, आणि चिटणीसबाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. प्रौढांच्या पोहण्याच्या स्पर्धा, ज्यांना मास्टर्स म्हणतात, त्यांचा उगम अमेरिकेतला. तेथील नौदलातले एक डॉक्टर रॅन्सम आर्थर यांचे असे मत होते की, वय झालेल्या माणसाला नुसता "व्यायाम करा" म्हणून सांगितले तर तो आठ दिवस करतो आणि सोडतो. त्याच्यापुढे एखादी स्पर्धेची तारीख ठेवली तर मात्र तो वर्षभर करील. जॉन स्पॅनुथ नावाच्या मार्गदर्शकाने ही कल्पना उचलली आणि 1970 च्या मे महिन्यात टेक्सास प्रांतातील अमारिलो गावी पहिली स्पर्धा भरली. पोहणारे होते पन्नासएक. तेथून हे लोण जगभर गेले आणि 1986 साली टोकियोस पहिली जागतिक मास्टर्स स्पर्धा झाली. आपल्या देशातही भारतीय जलतरण महासंघातर्फे अशा राष्ट्रीय स्पर्धा भरतात. 2023 च्या नोव्हेंबरात मंगळुरू येथे झालेली एकोणिसावी होती.

आर्थर डॉक्टरांचे म्हणणे मला तरी शंभर टक्के पटते. आपल्या मंडळाने तीन वेळा योगवर्ग सुरू केला, तो तीनही वेळा श्रावणापर्यंत टिकला. पाककृतीची स्पर्धा मात्र एकदाही बुडाली नाही.

या स्पर्धांचे नियम मोठे समजूतदार आहेत. पंचवीस वर्षांपासून पुढे दर पाच वर्षांचा एक गट असतो. पंचवीस ते एकोणतीस, तीस ते चौतीस, असे करीत वर शंभरापर्यंत. म्हणून सत्तरीच्या बाईला चाळिशीच्या बाईशी झगडावे लागत नाही. ज्यांना ठोकळ्यावरून सूर मारणे जमत नाही त्यांनी तलावाच्या काठावरून मारावा, तेही नको तर पाण्यात उभे राहून भिंतीला पाय लावून सुटावे. चौघींच्या सांघिक शर्यतीत तर चौघींच्या वयाची बेरीज करून गट ठरतो. दोनशे चाळीस, दोनशे ऐंशी, तीनशे वीस अशा पायऱ्या आहेत. आयुष्यात प्रथमच वय वाढल्याचा हिशेब जमेच्या बाजूला लिहिलेला पाहिला, तेव्हा मला हसू आवरेना.

आता आपल्या पिंपरीकडे येऊ. 1954 साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि देशात पेनिसिलिन होऊ लागले. मागोमाग मोटारींचे, स्कूटरांचे आणि यंत्रांचे कारखाने आले. 1970 साली नगरपालिका झाली आणि 1982 साली महानगरपालिका. मी 1976 साली लग्न होऊन या वसाहतीत आले, तेव्हा सकाळी भोंग्याबरोबर सायकलींचा लोंढा निघे आणि त्यापाठोपाठ बायका डबे पोहोचवावयास धावत. पोहणे ही गोष्ट कोणाच्या डोक्यातही नव्हती. पवनेला अजून पोरे डुंबत असत. आज त्या पाण्यात कोणी पाय घालणार नाही, ते का, हे या पट्ट्यात राहणाऱ्यांना सांगावयास नको.

तरीही पोहण्याचा एक फार मोठा मानकरी याच कारखान्यांच्या गर्दीत होऊन गेला, आणि पुष्कळ वर्षे कोणाला त्याचा पत्ता नव्हता. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरकडचे. सैन्यात असताना ते मुष्टियुद्ध खेळत. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कंबरेखालचे बळ गेले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. पुढे 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक सामन्यांत पन्नास मीटरची मुक्त शैलीची शर्यत त्यांनी 37.33 सेकंदांत जिंकली. भारतीयाला पॅरालिंपिकमध्ये मिळालेले हे पहिले सुवर्णपदक. त्यानंतर त्यांनी टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळावयास 2018 साल उजाडले आणि 2024 साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा कोठे आपल्या पोरांना त्यांचे नाव कळले. सेहेचाळीस वर्षे! तो चित्रपट आम्ही मंडळातर्फे पाहिला, ते आठवत असेलच. मध्यंतरात एकजण म्हणाली, "अगं, हे आपल्याकडचे?" मीदेखील शाळेत इतिहास शिकवीत होते आणि एकाही वर्गाला त्यांच्याविषयी सांगितले नव्हते. सांगणार कशी? मलाच ठाऊक नव्हते.

पुढे महानगरपालिकेने ठिकठिकाणी तलाव बांधले. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीचे संकुल उभे राहिले, तेथील तलाव पाहून माझे डोळे दिपले होते. पण पाहून घरी आले, इतकेच. पोहण्याचा आणि माझा संबंध पुन्हा जुळला तो गुडघ्यांमुळे. 2014 साली मी निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत जिना उतरताना कठड्याला धरावे लागू लागले. डॉक्टर म्हणाले, "चालणे कमी करा आणि पाण्यात उतरा." त्यांनी मला साध्या भाषेत समजावून दिले. कंबरेइतक्या पाण्यात उभे राहिले की गुडघ्यांवर शरीराचा निम्माच भार येतो, आणि गळ्याइतक्या पाण्यात दहावा हिस्सा. मी म्हटले, म्हणजे पाण्यात मी सहा किलोची. डॉक्टरांनी वजनकाट्याकडे पाहिले आणि "सात" म्हणून दुरुस्ती केली.

पोहण्याच्या पोषाखाचा प्रश्न घरात चार दिवस चालला. मी स्वतः दुकानात जाईना. शेवटी सूनबाई जाऊन गुडघ्यापर्यंतचा आणि कोपरापर्यंत बाह्या असलेला काळा पोषाख घेऊन आली आणि म्हणाली, "आई, घालून पाहा, आणि आरशापुढे उभ्या राहू नका." सल्ला चांगला होता. पहिल्या दिवशी मी टॉवेल गुंडाळून पायऱ्यांपर्यंत गेले आणि तो तेथेच सोडून घाईघाईने पाण्यात शिरले. पन्नास वर्षांनी. हात आपोआप पुढे गेले, पाय बेडकासारखे उघडले आणि मी पलीकडच्या भिंतीला लागले. आजोबांनी शिकविलेले अंगाने जपून ठेवले होते. श्वास तेवढा हरवला होता. नाकातोंडात क्लोरीनचे पाणी जाऊन मी इतकी खोकले की जीवरक्षक उठून उभा राहिला.

महिलांची वेळ दुपारची होती, म्हणजे उन्हाची आणि घरात धुणीभांडी आवरण्याची. त्या वेळेला जमणाऱ्या आम्ही प्रथम चौघी होतो, हळूहळू अकरा झालो. बहुतेकजणींना पोहता येत नव्हते. साठीच्या बायकांना कठड्याला धरून पाय मारताना पाहून शाळकरी मुली हसत. नंतर त्याच मुली "काकू, पाय जवळ घ्या" असे शिकवू लागल्या.

स्पर्धेची माहिती तलावावरच्या फलकावर लागली होती. 2019 साली मी पन्नास मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये नाव दिले. घरी सांगितले नाही. या पोहण्याचा नियम असा की, भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत. मला तो पाठ होता. पण शेवटच्या दोन हातांवर भिंत दिसली आणि विहिरीत काठाचा दगड धरावा तसा मी उजवा हात पुढे टाकला. वर पाहिले तो पंचांचा हात उंचावलेला. बाद! चूक सर्वस्वी माझी होती. घरी आल्यावर "हे" म्हणाले, "केस ओले कशाने?" तेव्हा सगळे सांगावे लागले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून पलंगाच्या कडेला दोन्ही हात एकदम टेकण्याचा सराव करून घेऊ लागले. हे वर्षभरही चालले नाही. 2020 च्या मार्चात टाळेबंदी आली, तलाव बंद झाले आणि पुष्कळ दिवस बंदच राहिले. आमच्या अकराजणींतल्या दोघी त्या साथीत गेल्या. तलाव पुन्हा उघडला तेव्हा त्यांच्या टोप्या कपाटात तशाच होत्या.

आता दाखल्याची गोष्ट.

आपल्या मंडळात दर 1 जूनला पेढे वाटावे लागतात, कारण निम्म्या सभासदांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो! एकाच दिवशी इतक्या मुली महाराष्ट्रात जन्मल्या कशा, असे परदेशातल्या एखाद्याने विचारले तर त्याला सांगावे लागेल की, त्या दिवशी जन्मल्या नाहीत, शाळेत दाखल झाल्या. गुरुजी मुलाकडे पाहत, डोक्यावरून हात नेऊन कान धरता येतो का ते बघत आणि सोयीची तारीख टाकून देत. माझ्या दाखल्यावर 1 जून 1956 आहे. आई सांगे, "पानशेतचे धरण फुटले त्या उन्हाळ्यात तुला आठ पुरी झाली होती." पानशेत फुटले 12 जुलै 1961 रोजी. त्याची तारीख कोणी चुकवू शकत नाही. म्हणजे माझा जन्म 1953 च्या वैशाखातला. मुलीला शाळेत कशाला, या विचारात दोन वर्षे गेली आणि 1962 साली मला घातले तेव्हा गुरुजींनी इतर मुलांबरोबर माझीही सहा वर्षे लिहिली.

मास्टर्स स्पर्धेत वय मोजतात ते स्पर्धेच्या वर्षातील 31 डिसेंबरला. 2023 साली राज्यातल्या एका स्पर्धेला मी गेले. कागदाप्रमाणे मी सदुसष्टांची, म्हणून गट पासष्ट ते एकोणसत्तर. खरे वय सत्तर, म्हणजे खरा गट सत्तर ते चौऱ्याहत्तर. या खेपेला मी काठावरून सूर मारला, हनुवटी छातीला लावली आणि शेवटी दोन्ही हात एकदम भिंतीला टेकविले. घड्याळ म्हणाले, एक मिनिट सव्वीस सेकंद. मी चौथी आले. तिसरी माझ्या पुढे दोन सेकंद. पाण्याबाहेर येऊन टॉवेल गुंडाळीपर्यंत सत्तरीच्या गटाचा निकाल फळ्यावर लागला होता. माझ्या वेळेवर तेथे दुसरा क्रमांक होता.

खोटे कशाला सांगू, मला फार वाईट वाटले. परतीच्या गाडीत मी कोणाशी बोलले नाही. मुलगा म्हणाला, "प्रतिज्ञापत्र करू, राजपत्रात देऊ, तारीख दुरुस्त करून घेऊ." आठवडाभर मी खरोखरच त्या विचारात होते. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद सापडते का, ते भावाला पाहावयासही सांगितले. सापडली नाही. मग एके रात्री दुसरा हिशेब सुचला. कागदावरच्या तारखेमुळे मी 31 मे 2014 रोजी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. खऱ्या वयाने मी तेव्हा एकसष्टांची होते. म्हणजे तीन वर्षांचा पगार मला गुरुजींच्या त्या अंदाजाने मिळाला. धाकटीचे लग्न त्याच तीन वर्षांत झाले आणि याच घराचा शेवटचा हप्ता त्याच तीन वर्षांत फिटला. ते पैसे घेताना तारीख खरी आणि पदक घेताना खोटी, असे कसे चालेल? मी "ह्यांना" विचारले. ते म्हणाले, "राजपत्रात द्यायचे असेल तर आधी तीन वर्षांचा पगार मोजून बाजूला काढू." मी अर्ज केला नाही. मंगळुरूच्या राष्ट्रीय स्पर्धेलाही गेले नाही. आमच्यातली एकजण गेली होती, तिने तेथून आणलेले काजू सगळ्यांनी खाल्ले.

माहेरची विहीर आता नाही. चाकणच्या बाजूला कारखाने वाढत गेले, शेते विकली गेली आणि आमचा मळाही त्यांत गेला. विहीर मुरूम टाकून बुजविली आणि तिच्यावर कोणाची तरी मालमोटार उभी असते. निंब आहे. भावाने मागच्या दिवाळीत मला मुद्दाम तेथे नेले. मालमोटारीचा चालक "काय शोधताय, आजी?" म्हणून विचारू लागला. येथे विहीर होती, असे मी सांगितले. तो बाजूला सरकला आणि पायाखाली पाहू लागला.

तलावावर सध्या आम्ही चौदाजणी आहोत. पोहण्याआधी प्रत्येकीला मी दोर टाकावयास शिकविते. लुगडी आता कोणी नेसत नाही, म्हणून ओढणी आणि टॉवेल टाकून पाहतो. दोन ओढण्यांची गाठ मारली तर ती ओली झाल्यावर आणखी घट्ट बसते, हे आम्ही करून पाहिले आहे. नव्या येणाऱ्यांपैकी एका भगिनीला पाण्याची फार भीती. ती पहिल्या पायरीवर माझे मनगट धरून उभी राहते. मी काही म्हणत नाही. काल ती तिसऱ्या पायरीपर्यंत आली.

दाखल्याप्रमाणे 2026 साली मला सत्तर पूर्ण होतात आणि सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या गटात माझे नाव लागते. खरे वय तेव्हा त्र्याहत्तर, म्हणजे गट तोच. कागद आणि मी प्रथमच एका रांगेत उभे राहणार. अर्जासाठी छायाचित्र काढून ठेवले आहे. सूनबाईने नवा पोषाख आणला आहे, या खेपेला निळा.